तिरुक्करुगावूरची वाट आणि पुरुषाच्या हातची सुई

दक्षिणयात्रेस निघालेला मराठी यात्रेकरू तंजावरला बृहदीश्वराचे उत्तुंग विमान पाहतो, त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी लेख बोटाने चाचपीत वाचतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो, कुंभकोणमच्या महामहम् तीर्थावर हातपाय धुतो आणि रामेश्वराची वाट धरतो. तंजावर आणि कुंभकोणम यांमध्ये अवघे ४० किलोमीटरांचे अंतर. परंतु तेवढ्याच पट्ट्यात कावेरीच्या फाट्यांनी भिजलेली, भातखाचरांच्या हिरवळीत बुडालेली कितीतरी गावे आहेत आणि त्यांच्याकडे आपले पाय सहसा वळत नाहीत. तिरुक्करुगावूर हे त्यांपैकी एक.

वाचकहो, या गावी जावयाचे तर बरोबर काय घ्यावे, ते आधी सांगतो. प्यावयाचे पाणी, छत्री आणि देवळात नेसावयास एक धूतवस्त्र. याखेरीज पिशवीच्या कोपऱ्यात वीतभर मॅटीचे कापड, बोथट टोकाची एक सुई आणि रंगीत दोऱ्याच्या तीन लडी ठेवाव्यात. हे सांगणे घरातील भगिनींना नाही. त्यांना ते सांगण्याचे कारणच नाही. हे सांगणे गृहस्थांना आहे.

फुलीचा टाका, ज्याला आपण सर्रास ‘क्रॉस-स्टिच’ म्हणतो, तो आपल्या घरांत नवा नाही. रुखवताच्या मेजावर मांडलेले मोराचे चित्र, दिवाणखान्यात काचेमागे बसविलेले ‘सुस्वागतम्’, उशांच्या अभ्य्रांवरील गुलाबाची परडी, हे सारे त्याच टाक्याचे. कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांनी पडलेल्या चौकटी मोजावयाच्या आणि प्रत्येक चौकटीत एक तिरका टाका व त्यावर उलट दिशेचा दुसरा तिरका टाका घालावयाचा. एवढेच त्याचे शास्त्र. धारवाडकडील कसूतीत जो ‘मेंथी’ नावाचा टाका आहे, तोही हाच. मेथीच्या दाण्यावरून त्याला ते नाव पडले. या टाक्याला चित्रकाराचा हात लागत नाही. मोजणे, धीर धरणे आणि मोजण्यात चूक झाली तर कुरकुर न करता उसवणे, एवढे ज्याला जमते त्याला हा टाका जमतो. आणि हे तिन्ही गुण हिशेबनिसांपासून इंजिनिअरांपर्यंत कितीतरी पुरुषांत असतात. तरीही एखाद्या गृहस्थाला या कामाची गोडी लागली, तर तो ती बहुधा दडवितो. दाराची कडी वाजली की कापड उशीखाली जाते आणि हातात वर्तमानपत्र येते.

ज्या प्रदेशातून आता आपण जाणार आहोत, त्या प्रदेशाला ही लपवाछपवी चमत्कारिक वाटली असती.

कुंभकोणमपासूनच आरंभ करू. सारंगपाणि मंदिराच्या समोरील रस्त्यावर एक लहानसे, पुढे ओटा असलेले घर आहे. श्रीनिवास रामानुजन् यांचे बालपण या घरात गेले. या थोर गणितज्ञाच्या प्रसिद्ध वह्यांतील पहिले प्रकरण जादूच्या चौरसांचे आहे. ज्यांत उभी, आडवी व तिरपी बेरीज सारखीच यावी असे आकडे भरलेले हे चौकोन. रामानुजन् आणि भरतकाम यांचे नाते जोडणे हा अतिरेक आहे, हे मी जाणतो. परंतु रिकाम्या चौकटींचे जाळे पुढे आले की त्यांत काही सुसंगत भरावे अशी जी ओढ मनाला लागते, ती या गावाच्या हवेतच असावी असे तेथे फिरताना वाटते खरे. पहाटे प्रत्येक उंबऱ्यापुढे बायका तांदळाच्या पिठीचे ठिपके मांडतात आणि ते मोजून, त्यांच्याभोवती वळसे घेत कोलम् काढतात. गावाबाहेर तिरुभुवनम्‌ला जावे, तर तेथील रेशीम विणणारे कारागीर चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवितात, एकेक चौकट भरतात आणि त्याबरहुकूम जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडतात. मग मागावर हंस, आंबा, रुद्राक्ष उमटू लागतात. काठपदरावरील तो हंस भिंगाखाली पाहा. त्याच्या चोचीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा थेट फुलीच्या टाक्यातल्या हंसासारख्या दिसतील. या तिरुभुवनम् साड्यांना २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्या विणणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेला सौराष्ट्र समाज मोठा आहे. त्यांची घरातील बोली कानावर पडली, तर मराठी माणूस क्षणभर थबकतो, कारण तमिळ मुलुखाच्या मधोमध त्याला आपल्या ओळखीचे शब्द ऐकू येतात.

पण विणणे वेगळे आणि सुईने भरणे वेगळे, असे कोणी म्हणेल. तेव्हा सुईकडेच वळू. कोणत्याही मोठ्या मंदिराचा रथोत्सव असो, रथाचा लाकडी पाया नक्षीकामाने भरलेला असतो. पण त्यावरचा भव्य शिखरासारखा भाग बांबूचा आणि कापडाचा असतो. त्या कापडावर रंगीत तुकडे कापून शिवलेली चित्रे असतात. याळी, हत्ती, पोपट, कमळे, मधोमध एखादी देवता. रथाच्या कोपऱ्यांवर मोठ्या नळकांड्यांसारखी कापडी झुंबरे लोंबत असतात आणि रथ हलला की तीही झोके घेतात. त्यांना ‘तोंबै’ म्हणतात. देवाच्या डोक्यावर पसरलेल्या छताचे नाव ऐकून तर मराठी वाचकाला गंमत वाटेल. त्याला म्हणतात ‘अस्मानगिरी’. अस्मान हा फार्सी शब्द आपल्या बोलीत जसा शिरला, तसाच तो या देवळांच्या गाभाऱ्यापर्यंतही पोचला.

तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात हे काम करणारे कारागीर मुख्यतः पुरुष. लाल, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या, काळ्या सुती कापडातून आकृती कापावयाच्या, त्या मूळ कापडावर बसवून कडा आत दुमडावयाच्या आणि दोरीची किनार देऊन टाचावयाच्या. पोपटाच्या डोळ्याचा तो पांढरा ठिपका एवढासा असतो की, त्याची कड दुमडताना बोटांपेक्षा सुईचे टोकच अधिक उपयोगी पडते. पन्नास फुटांवरून पाहणाऱ्या भक्ताला तो डोळा दिसणार, म्हणून त्याच्यावर एवढी मेहनत. जवळून कोणी पाहणार नाही म्हणून हयगय केलेली आढळत नाही.

भोसले राजांच्या अमदानीतही या मुलुखात वस्त्राचा मोठा शौक होता. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापिलेले हे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले. या राजघराण्यासाठी कोडाली करुप्पूर येथे विशेष साड्या व पागोटी तयार होत. जरीच्या विणीवर मेणाने रेखून, मग रंगवून त्यांची नक्षी सिद्ध होई. राजाश्रय गेला आणि एकोणिसाव्या शतकातच ते वस्त्र लयास गेले. करुप्पूरची कलमकारी मात्र देवळांच्या छतांतून व तोरणांतून टिकली आणि २०२१ साली तिलाही भौगोलिक मानांकन मिळाले. राजे गेले, देव राहिले. कारागिराच्या दृष्टीने हेही काही थोडे नव्हे.

आता पुढे निघू. कुंभकोणमहून तिरुक्करुगावूर सुमारे २० किलोमीटर आहे. वाटेत दारासुरम् लागते. तेथील ऐरावतेश्वराचे बाराव्या शतकातील मंदिर चुकवू नये. दगडावर इतके सूक्ष्म काम आहे की छिन्नीच्या जागी सुई वापरली काय, असा प्रश्न पडावा. आगगाडीने जाणाऱ्यांनी पापनाशम् स्थानकावर उतरावे. तेथून गाव सहा-सात किलोमीटरांवर राहते. या नावाची एक गंमत सांगतो. पापनाशम् नावाचे दुसरे एक स्थान पार दक्षिणेस, तिरुनेलवेलीकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. आपल्या घरातील शिवणाच्या डब्यात ज्या ‘अँकर’ दोऱ्याच्या लडी असतात, त्या तयार करणाऱ्या मदुरा कोट्स कंपनीच्या जुन्या गिरण्यांपैकी एक त्या दुसऱ्या पापनाशमच्या परिसरातली. तिकीट काढताना घोटाळा होऊ देऊ नका. दोरा तिकडचा, देवी इकडची.

रस्ता अरुंद आहे. दोन्ही बाजूंस भात, केळी आणि नारळ. मधून मधून पाटाचे पाणी रस्त्याच्या उंचीने वाहताना दिसते. वेट्टारु हा कावेरीच्या जाळ्यातलाच एक फाटा. त्याच्या काठी तिरुक्करुगावूर वसले आहे. नावाची फोड फार सुंदर आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. गर्भ राखणारे गाव. येथील शिव मुल्लैवननाथ या नावाने ओळखला जातो, कारण हे स्थान पूर्वी मुल्लै म्हणजे जुईच्या जातीच्या वेलींचे वन होते. लिंग वारुळाच्या मातीचे असल्यामुळे त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही. पुनुगु नावाचे सुगंधी द्रव्य लेपतात. वेलीने वेढल्याच्या खुणा त्या लिंगावर दिसतात, असे पुजारी सांगतात. संबंदर व अप्पर या शैव संतांनी या क्षेत्राची स्तुती गायिली आहे. आसपासच्या पाच वनक्षेत्रांचे एकाच दिवसात दर्शन घेण्याची प्रथा असून, तिचा आरंभ उषःकाली याच मंदिरातून होतो.

परंतु लोक लांबून येतात ते देवीसाठी. तिचे नाव गर्भरक्षांबिका. स्थलपुराणाची कथा अशी : निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती होती. पती घराबाहेर गेले असता ऊर्ध्वपाद नावाचे मुनी दारी आले. गर्भभाराने थकलेल्या वेदिकेला उठून त्यांचे आदरातिथ्य करता आले नाही. मुनी रागावले, त्यांनी शाप दिला आणि तिचा गर्भ ढळू लागला. तिने देवीचा धावा केला. देवीने तो गर्भ एका दिव्य कुंभात सांभाळला आणि पूर्ण वाढीचे बालक करून तिच्या ओटीत घातले. बाळासाठी दुधाची सोय कामधेनूने केली. तिच्या खुराने झालेले क्षीरकुंड मंदिरासमोर आजही दाखवितात.

या कथेतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. संकट आले तेव्हा पती घरी नव्हता. पुराणकाराने त्याला दोष दिलेला नाही, आणि मीही देत नाही. पण घरात बाळाची चाहूल लागली की पुरुषाने नेमके कोठे असावे व काय करावे, हा प्रश्न किती जुना आहे, ते यावरून ध्यानात येते.

मंदिरात गेल्यावर हा प्रश्न डोळ्यांना दिसतो. अपत्यप्राप्तीसाठी आलेल्या स्त्रिया देवीच्या उंबऱ्यावर तूप सारवतात, त्यावर कोलम् रेखितात. प्रसादाचे तूप ४८ दिवस पती-पत्नी दोघांनी घ्यावयाचे असते. गर्भवतींना एरंडेल तेलाचा प्रसाद मिळतो. तो श्रद्धेने घ्यावा. प्रसूतीपूर्वीच्या वैद्यकीय तपासण्या मात्र ज्या त्या वेळी करून घ्याव्यात. बाळ झाल्यावर आईबाप नवस फेडावयास येतात आणि सोन्याच्या पाळण्यात बाळाला झोका देतात. या सगळ्या गडबडीत स्त्रीच्या हाताला काम आहे. पुरुष मात्र पिशवी सांभाळीत दगडी खांबाला टेकून बसलेला असतो. घरी गेल्यावरही चित्र फारसे बदलत नाही. ती टोपडे विणते, सासू जुन्या लुगड्यांची दुपटी शिवते, मावशी झबल्यावर चिमणी काढते. पतिराज दवाखान्याच्या पैशांची तजवीज करतात. ती केली पाहिजेच. पण संध्याकाळी सात ते दहा त्या हातांनी काय करावे?

माझे म्हणणे असे की, त्या हातांत सुई द्यावी. बाळाच्या दुपट्याच्या कोपऱ्यात बापाने फुलीच्या टाक्याचे एक फूल भरावे.

यावर आक्षेप येईल, तो मी ऐकला आहे. सुई ही बायकांची, असे म्हणतात. वस्तुतः हे कधी खरे होते? शिंपी कुळात जन्मलेल्या नामदेवांच्या पदांत गज, कातर आणि सुई या धंद्याच्या वस्तू भक्तीची साधने होऊन बसल्या, आणि ती पदे शिखांच्या ग्रंथसाहिबातही मानाने विराजमान आहेत. काश्मिरी शालीवरील बारीक सोझनी भरणारे हात बहुतांशी पुरुषांचे. लखनौ-बरेलीच्या जरदोजीच्या कारखान्यांत लाकडी चौकटीभोवती मांडी घालून बसलेले कारागीर पुरुष. कच्छमध्ये मोची समाजाच्या पुरुषांनी चामडे शिवणारी आरी रेशमावर चालविली आणि त्यातून राजदरबारी वस्त्रे निर्माण झाली. जगन्नाथाच्या रथाची चांदवे शिवणारे ओडिशातील पिपलीचे दर्जीही तसेच. परदेशात पाहावे तर लंडनच्या भरतकाम करणाऱ्यांच्या संघाला १५६१ साली राणी एलिझाबेथची सनद मिळालेली आहे.

तेव्हा सुई पुरुषाच्या हाती नव्हती असे नाही. बाजारात दाम मिळत होता, दरबारात मान मिळत होता, देवळात पुण्य मिळत होते, तोवर ती पुरुषाच्याही हाती शोभली. घराच्या उंबऱ्याआड, कोणी दाम देणार नाही आणि कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी मात्र ती बायकांची ठरली. लाज सुईची नाही. बिनमोलाने, घरच्यासाठी काही करण्याची आहे. कुंभकोणमचा कारागीर रथाचा पोपट शिवून संध्याकाळी घरी जातो, तेव्हा त्याला कोणी हसत नाही. तोच माणूस मुलीच्या परकराला पोपट शिवू लागला, तर शेजारी हसतील काय? मला वाटते, बहुधा हसतील. आणि या हसण्याला भिऊन कितीतरी माणसे एका निर्मळ आनंदाला मुकतात.

या आनंदाची साक्ष देणारे काही पुरुष असे आहेत की, त्यांच्या पौरुषाविषयी कोणी शंका घेणार नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना इस्पितळात भरतकाम शिकविण्यात आले होते. हात थरथरत, झोप लागत नसे, कानांत तोफा घुमत. अशांना टाका मोजण्यात विसावा मिळे. १९१९ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील कृतज्ञता-प्रार्थनेसाठी वेदीवर जे वस्त्र घातले, ते अशा शंभराहून अधिक सैनिकांनी भरले होते. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावर पकडला गेलेला मेजर अलेक्सिस कॅसडॅग्ली हा ब्रिटिश अधिकारी जर्मनांच्या बंदिवासात होता. त्याला कोठून तरी कापडाचा तुकडा मिळाला आणि दोरा मिळाला तो एका वृद्ध ग्रीक सेनापतीच्या विरलेल्या लोकरी बंडीतून. डिसेंबर १९४१ मध्ये त्याने फुलीच्या टाक्याचा एक नमुना भरून पुरा केला. त्याच्या किनारीतील ठिपके व रेघा म्हणजे तारायंत्राची मोर्स लिपी होती. तिच्यात आपल्या राजाची मंगलकामना होती आणि हिटलरला एक सणसणीत शिवी. पहारेकऱ्यांनी तो नमुना कौतुकाने मांडून ठेवला! त्यांना किनार तेवढी दिसली.

अमेरिकेतील रोझी ग्रीअर हा धिप्पाड फुटबॉलपटू तर १९६८ साली रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडणाऱ्याच्या हातातून पिस्तूल हिसकावणाऱ्यांपैकी एक. हाच ग्रीअर विमानप्रवासात व फुरसतीच्या वेळी कॅनव्हासवर टाके घालीत बसे आणि १९७३ साली त्याने खास पुरुषांसाठी या छंदावर पुस्तक लिहिले. फुलीच्या टाक्याचे हे सख्खे भावंडच. त्याच्याकडे पाहून हसण्याची छाती कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

परंतु एवढे दूर जाण्याचे कारण नाही. तिरुक्करुगावूरहून साळियमंगलमकडे जाणाऱ्या वाटेवर, अगदी जवळच, मेलट्टूर हे गाव आहे. दरवर्षी नृसिंहजयंतीच्या सुमारास तेथे भागवत मेळा नावाचा नाट्योत्सव होतो. नाटके तेलुगू भाषेतील, मेलट्टूर वेंकटराम शास्त्री यांनी रचलेली. प्रह्लादचरित हे त्यांतील प्रमुख. या नाटकांतील सर्व भूमिका पुरुष करतात. लीलावती असो वा भूदेवी, नेसणे, वेणी, पैंजण, अभिनय, सारे काही पुरुषाचे. नोकरीनिमित्त शहरांत गेलेली घरची माणसे रजा काढून परत येतात आणि रात्रभर देवापुढे नाचतात. गावाला यात विचित्र असे काही वाटत नाही. ज्या मराठी रसिकाने बालगंधर्वांच्या भामिनीवर व सिंधूवर जीव ओवाळला, त्यालाही वाटू नये. तंजावरच्या शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक रचले ते याच भूमीत. स्त्रीचे म्हणून जे जे मानले जाते, ते पुरुषाने मनापासून आत्मसात केले तर त्यात त्याचे काही उणे होत नाही, हे ज्यांनी शतकानुशतके पाहिले, त्यांच्या शेजारी बसून दोन टाके घालावयास संकोच कशाचा?

तेव्हा देवीचे दर्शन झाले, पत्नी ओळीत उभी आहे, तुम्हाला तासभर मोकळा आहे, असे समजा. पिशवीतील कापड काढा. पहिले फूल मुल्लैचेच भरू, कारण ते या गावचे आहे. मुल्लै पांढरी, म्हणून कापड पांढरे घेऊ नये. फिकट निळे घ्यावे. लडीत सहा पदर असतात, त्यांतील दोनच पदर वेगळे करून सुईत ओवावेत. धागा हातभराहून लांब घेतला तर गुंता होतो. कापडाची उभी व आडवी घडी घालून मध्य काढा आणि तेथे पिवळ्या दोऱ्याची एकच फुली घाला. ते फुलाचे केसर. चौकटीच्या कापडावर पाच पाकळ्या नीट बसत नाहीत; चार पाकळ्यांवर भागवावे. केसराच्या वरच्या चौकटीत एक पांढरी फुली, तिच्या वरच्या ओळीत तीन, त्यावर पुन्हा एक. ही झाली एक पाकळी. खाली, डावीकडे व उजवीकडे तशाच आणखी तीन. एकंदर २० पांढऱ्या फुल्या व एक पिवळी, आणि रुंदी सात चौकटींची. मग खालच्या पाकळीच्या टोकापासून सरळ खाली पाच हिरव्या फुल्या घातल्या की देठ झाला.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रत्येक फुलीत खालचा टाका ज्या बाजूस कललेला असेल, त्याच बाजूस सर्व फुल्यांत असावा. वरच्या टाक्याचेही तसेच. एक फुली जरी उलटी पडली तरी उजेडात ती चुकलेल्या शब्दासारखी डोळ्यांत खुपते. दुसरे म्हणजे, धाग्याला गाठ मारू नये. आरंभीचे टोक मागे बोटाने धरून ठेवावे व पुढचे चार टाके त्याच्यावरून नेऊन ते दाबून टाकावे. शेवटचे टोक मागच्या टाक्यांखालून सरकवून कापावे. पहिल्या दिवशी मोजणी हमखास चुकेल, चुकू द्यावी. सुईचे बोथट टोक उसवावयासही चांगले.

दुपारी बाराच्या सुमारास मंदिर बंद होते, ते चार वाजता पुन्हा उघडते. मधल्या वेळात क्षीरकुंडाच्या काठी सावली असते. पापनाशम्‌ला परतणारी बस मिळेपर्यंत देठ पुरा होण्यास हरकत नाही.

घरी आल्यावर हे फूल दुपट्याच्या कोपऱ्यात शिवावयाचे, तेव्हा त्याच्या मागे मऊ, धुवट मलमलीचा एक तुकडा लावावयास विसरू नये. मागच्या बाजूचे टाके कितीही नीट घातले तरी थोडे खरखरीत राहतात आणि बाळाची कातडी फार नाजूक असते. दोऱ्याचा रंग जातो की काय ते पाहण्यासाठी शिवण्यापूर्वी तुकडा एकदा थंड पाण्यातून काढावा, पिळू नये, आणि सावलीत पसरून वाळवावा.